सक्तीची सैन्यभरती आणि लोकांचा कौल

राष्ट्र संकटांत सांपडलें असतां नागरिकाच्या हातीं सक्तीनें बंदूक देण्याचा अधिकार सरकारला आहे काय? ब्रिटननें १९१६ च्या जानेवारींत हा प्रश्न पार्लमेंटच्या मतानें सोडविला. ऑस्ट्रेलियानें मात्र तो ऐन महायुद्धांत थेट जनतेपुढें ठेवला.

तेथील १९०३ च्या संरक्षण-कायद्यान्वयें स्वदेशरक्षणासाठीं सक्ती करतां येत असे. समुद्रापलीकडे जाणारा शिपाई मात्र स्वखुषीचाच असावा लागे. १९१६ च्या जुलै-ऑगस्टांत फ्रोमेल व पोझिएर येथें हजारों ऑस्ट्रेलियन तरुण पडले. त्यांच्या जागीं नवे आणावयाचे कोठून? मजूरपक्षाचे मुख्य प्रधान बिली ह्यूज यांना सेनेटमध्यें बहुमताची खात्री नव्हती. म्हणून त्यांनीं २८ ऑक्टोबरला लोकांचा कौल मागितला.

अनुकूल पक्ष म्हणे, कांहींनीं मरावें आणि कांहींनीं घरीं बसावें, हा न्याय कोणता? कामगारसंघांचें उत्तर असें, कीं श्रीमंताच्या द्रव्यावर सक्ती नाहीं, मग गरिबाच्या प्राणांवरच कां? मेलबर्नचे कॅथलिक धर्मगुरु मॅनिक्स यांनींहि विरोधाची बाजू उचलली.

निकाल लागला : अनुकूल १०,८७,५५७, प्रतिकूल ११,६०,०३३. मजूरपक्ष दुभंगला आणि ह्यूज आपल्या अनुयायांसह बाहेर पडले. २० डिसेंबर १९१७ रोजीं त्यांनीं पुन्हां कौल घेतला. या खेपेस विरोधी मताधिक्य दीड लाखांवर गेलें.

श्रोतेहो, या आंकड्यांत एक आंकडा विशेष मननीय आहे. पहिल्या खेपेस सैनिकांचीं ७२,३९९ मतें सक्तीच्या बाजूनें पडलीं, तर ५८,८९४ विरुद्ध. ज्यांना कुमक सर्वांत अधिक हवी होती, त्यांपैकींच शेंकडा ४५ जणांनीं ती सक्तीनें नको म्हटलें!

या नकाराला भ्याडपणा म्हणतां येणार नाहीं. त्या युद्धांत चार लाखांवर ऑस्ट्रेलियनांनीं आपण होऊन नांवें नोंदविलीं व सुमारें साठ हजार मृत्युमुखीं पडले. पुढें १९६५ पासून तेथील सरकारनें जनमत न घेतां जन्मतारखांची सोडत काढून तरुण निवडले. त्यांतील कित्येक व्हिएटनामला गेले. १९७२ त ती पद्धत बंद झाली.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानेंहि सार्वजनिक कार्यासाठीं सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेविली आहे. तेव्हां हा प्रश्न सर्वस्वीं परका नव्हे. प्राण मागावयाचे तर ज्याचे ते, त्याला आधीं विचारावें कीं नाहीं, याचा विचार शांततेच्या काळींच केलेला बरा. रणशिंग फुंकल्यावर तो करण्यास कोणाला उसंत नसते.