‘सैराट’ची गाणी आणि शेवटची शांतता

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि ‘झिंगाट’ लागलं की थिएटरात लोक खुर्च्या सोडून नाचू लागले. त्याच थिएटरातून सिनेमा संपल्यावर प्रेक्षक गप्प बाहेर पडत होते. या दोन टोकांमधलं नातं अजय-अतुल यांच्या संगीतात सापडतं.

सिनेमात गाणी चारच. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. चारही पूर्वार्धात येतात. यातल्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. शब्द मात्र ‘याड’, ‘बया’ असे, गावच्या बोलीतले. विहिरीत पोहणाऱ्या, उसाच्या फडात भेटणाऱ्या आर्ची-परश्याच्या प्रेमाला एवढे व्हायोलिन कशाला, असं कुणी विचारेल. पण तेच तर हवं होतं. वयात येणाऱ्या पोराला आपलं प्रेम केवढं मोठं वाटतं, ते या वाद्यमेळातून कळतं. शिवाय असा थाट पडद्यावर एरवी श्रीमंत घरातल्या नायक-नायिकांच्या वाट्याला येतो. नागराज मंजुळे यांनी तो मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाला दिला.

‘झिंगाट’ची जागा तर फारच हुशारीने निवडलेली आहे. आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला सगळे बेभान नाचतात आणि त्याच रात्री दोघं पकडले जातात. प्रेक्षकाचा दम अजून खाली बसलेला नसतो, तोवर मारहाण सुरू होते.

पुढे दोघं हैदराबादला पळतात. झोपडपट्टी, नोकरी, संशय, भांडणं. इथे एकही गाणं नाही. मनातली स्वप्नं संपून संसार सुरू झाला, हे सांगायला वेगळा संवाद लागत नाही.

आणि मग शेवट (ज्यांनी अजून पाहिला नाही, त्यांनी इथेच थांबावं). आर्ची-परश्याचा खून आपल्याला दिसत नाही. शेजारणीसोबत बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आई-बापाला पाहतं आणि रक्ताची पावलं उमटवत निघून जातं. या प्रसंगाला करुण सनई नाही, व्हायोलिन नाही. कसं वाटून घ्यायचं हे सांगायला कुणीच नसतं. पूर्वार्धात संगीताने कडेवर घेतलेल्या प्रेक्षकाला इथे एकदम खाली ठेवलं जातं.

2018 मध्ये आलेल्या ‘धडक’ या हिंदी रिमेकलाही अजय-अतुल यांचंच संगीत होतं. ‘झिंगाट’ची चालही तीच.