आगकाड्यांची मौज

दादासाहेब फाळके (1870–1944) यांचा 1915 मधील मूक सचेतनपट. यात नट नाहीत, देव नाहीत, राजवाडा नाही. काड्यापेटीतल्या काड्याच सारा खेळ करतात. भारतीय अॅनिमेशनच्या इतिहासाची सुरुवात बहुधा याच लघुपटापासून सांगितली जाते.

काडी किंचित सरकवायची, कॅमेऱ्याने एकच चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची, अशी ही रीत. मूकपटाच्या सेकंदाला सोळा चित्रांच्या सर्वसाधारण वेगाने मिनिटभराच्या हालचालीसाठी 960 चित्रे लागतात. फ्रान्समध्ये एमील कोल यांनी 1908 साली काड्यांना असेच नाचवले होते आणि फाळक्यांची प्रेरणा तिथलीच मानली जाते. पण एकेका चित्राची ही चिकाटी त्यांच्या अंगी आधीपासून होती. 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी चित्रित केली. पडद्यावर काही क्षणांत कोंब फुटून वेल झालेला पाहून पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला, आणि मग त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) हा चित्रपट उभा राहिला.

फाळके जादूचे प्रयोगही करत. आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतले होते. त्यांच्या गमत्या शैलीचे मूळ या जादूगारात शोधावे लागते. ‘लंकादहन’ (1917) किंवा ‘कालियामर्दन’ (1919) मधली करामत चमत्कार म्हणून समोर येई आणि प्रेक्षक भक्तिभावाने पाहत. काड्यांपुढे कोण हात जोडणार? इथे हातचलाखी उघडपणे हातचलाखी म्हणूनच दाखवलेली आहे आणि लहानथोरांना हसवण्यापलीकडे तिला दुसरे काम नाही. या दृष्टीने हा छोटा पट त्यांच्या पौराणिक चित्रपटांपेक्षा केळफाच्या अधिक जवळचा.

काळही अडचणीचा होता. पहिल्या महायुद्धामुळे कच्ची फिल्म आणि भांडवल दोन्हींची टंचाई झाली, मोठे चित्रपट अडले. काड्यांना ना पगार, ना पोशाख. ‘विचित्र शिल्प’ आणि नाण्यांचा ‘लक्ष्मीचा गालिचा’ हे फाळक्यांचे लघुपट याच वळणाचे. (पडद्यावर नाणी नाचवणाऱ्या या गृहस्थाच्या खिशात मात्र नाणे फारसे टिकले नाही.)

‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. 1917 च्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाचा काही भाग मात्र शिल्लक असून त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात.

वस्तू हलवण्याची ही वाट पुढे फारशी कोणी धरली नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबुकाका’ (1934) चित्रांवर बेतलेला होता, आणि मराठी कलावंतांची नावे पुढेही या चित्रांच्या बाजूलाच दिसतात. शिल्पा रानडे दिग्दर्शित ‘गोपी गवैया बाघा बजैया’ (2013) हा त्यातलाच एक पूर्ण लांबीचा बालचित्रपट.