आयएफटी-८८ : शेवाळ आणि उंदराची सोयरीक

प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये उणे ८० अंशांवर ठेवलेली इवलीशी कुपी. लेबलवर 'रीकॉम्बिनंट ह्यूमन आयएफटी-८८' आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी'. यातलं 'ह्यूमन' खोटं नाही, पण या प्रथिनाचं कूळ शोधत गेलं की माणूस बराच उशिरा भेटतो. मूळ पुरुष शेवाळ आहे.

क्लॅमिडोमोनास हे गोड्या पाण्यातलं एकपेशीय हिरवं शैवाल. लांबी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग, पुढच्या टोकाला दोन शेपट्या. पाण्याची आम्लता एकदम वाढवली की ते दोन्ही शेपट्या टाकून देतं आणि दीड-दोन तासांत नव्या उगवून घेतं. येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांनी या खोडीचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. अडचण अशी की शेपटी वाढते टोकाला, पण तिच्या आत प्रथिनं तयार होत नाहीत. मग माल वर पोचतो कसा? १९९३ साली त्यांचा विद्यार्थी कीथ कोझमिन्स्की याला लुळ्या पडलेल्या शेपट्यांतही बारीक कण वर-खाली धावताना दिसले. वर जाताना सेकंदाला सुमारे दोन मायक्रोमीटर, खाली येताना त्याहून जोरात. शेपटी हलत नसताना ही वर्दळ! तिला नाव मिळालं 'इंट्राफ्लॅजेलर ट्रान्सपोर्ट', म्हणजेच आयएफटी. १९९८मध्ये डग्लस कोल आणि सहकाऱ्यांनी ते कण वेगळे काढून त्यातली प्रथिनं जेलवर पसरली आणि वजनांवरून त्यांची नावं पडली. ८८ हा तिथला आकडा, किलोडाल्टनमधला. शैवालाचं वजन माणसाच्या प्रथिनालाही कायमचं चिकटलं ते असं.

दुसरं घराणं अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यातलं. अणुबॉम्बच्या कामासाठी वसवलेल्या ओक रिजमध्ये पुढे उंदरांवर आनुवंशिकतेचं मोठं काम चालायचं. तिथल्या एका वाणात बाहेरून घातलेला डीएनए नेमका एका जनुकात घुसला आणि ते मोडलं. पिल्लांच्या किडन्या पाण्याच्या गाठींनी भरू लागल्या. १९९४ साली ते जनुक प्रसिद्ध झालं, नाव टीजी-७३७. त्याचं प्रथिन करतं काय, हे मात्र कळेना. (या प्रथिनाला नंतर 'पोलारिस', म्हणजे ध्रुवतारा, असंही नाव मिळालं. मला तेच आवडतं, पण आकड्यापुढे ते टिकलं नाही.)

२००० साली ग्रेगरी पाझूर, जॉर्ज विटमन आणि मंडळींनी शैवालाच्या आणि उंदराच्या प्रथिनांचे क्रम शेजारी ठेवले, आणि सोयरीक जुळली. आयएफटी-८८ बिघडलेल्या शैवालाला शेपट्याच फुटत नाहीत, आणि त्या आजारी उंदरांच्या किडनीतल्या पेशींवरचे सिलिया, म्हणजे शैवालाच्या शेपटीच्याच जातीचे केस (पाठ्यपुस्तकातल्या पक्ष्माभिका), आखूड निघाले. किडनीच्या पेशीवर असा एकेकच केस असतो. १८९८मध्ये झिमरमान यांनी त्याची नोंद केली होती, पण पुढे कित्येक दशकं तो उत्क्रांतीचा रिकामटेकडा अवशेष समजला जाई. २००३मध्ये कळलं की भ्रूणाची घडण ठरवणारा 'हेजहॉग' संदेशही उंदरात याच केसावाचून नीट पोचत नाही.

माणसाचं हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. कुपीसाठी त्याची इंट्रॉन, म्हणजे मधले बिनकामाचे तुकडे, गाळलेली प्रत प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यात घालतात, कारण जीवाणूला इंट्रॉन कापता येत नाहीत. टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा मणी जोडतात. ही युक्ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाझेलच्या रोश कंपनीतली. ते प्लाझ्मिड घातलेले ई. कोलाय जीवाणू वाढले की फ्लास्क गार करून जनुक चालू करणारं आयपीटीजी टाकायचं आणि रात्रभर हलवत ठेवायचं. सकाळी पेशी फोडून तो रस निकेलच्या कॉलममधून सोडला की हिस्टिडीनची शेपटी निकेलला धरून बसते, बाकीचं बरंचसं वाहून जातं. मग हिस्टिडीनची निकेलवरची जागा बळकावणारं इमिडॅझोल ओतून प्रथिन सोडवायचं.

सांगायला सोपं आहे. एवढं मोठं मानवी प्रथिन जीवाणूत बनवताना त्याच्या गुठळ्या व्हायची भीती असते, म्हणून अशा कुप्यांत पुष्कळदा सबंध प्रथिन नसून एखादा तुकडाच असतो. अँटिबॉडीची पारख करायला तो पुरतो. सिलियाच्या बांधणीचा अभ्यास करायला पुरत नाही, कारण तिथे आयएफटी-८८ एकटं नसतं; ५२, ४६, ७० अशा भावंडांना धरूनच ते काम करतं. तेव्हा कुपी मागवताना लेबलवर अमिनो आम्लांचे आकडे कुठून कुठपर्यंत दिलेत ते पाहून घ्यावं. पूर्ण प्रथिन आठशेहून जास्त अमिनो आम्लांचं आहे.