विस्तवाजवळ बसून शिकायचा रंग

आपल्या आज्या-पणज्या कपाळाला आधी मेण लावत. करंड्यातलं थोडं मेण बोटाच्या टोकावर घ्यायचं, भुवयांच्या मध्ये गोल टेकवायचं आणि मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. दिवसभर चुलीपुढे घाम आला तरी कुंकू जागचं हलत नसे. मेण रंगाला धरून ठेवतं आणि पाण्यापासून राखतं, हे आपल्याकडच्या बायकांना रोजच्या सवयीने ठाऊक होतं. मेणचित्राचं बीजही तेच. चित्रकार रंगाची पूड वितळलेल्या मेणात मिसळतो, फळीवर एकेक थर देतो आणि प्रत्येक थराला आच दाखवून तो खालच्या थरात जिरवतो. ग्रीकांनी या पद्धतीला दिलेलं नावच ‘एनकॉस्टिक’ म्हणून जगभर चालतं.

मुंबईच्या हौशी चित्रकारांच्या कानांवर हा शब्द आता पडू लागला आहे. परदेशात तर एनकॉस्टिक आणि त्याच्या जोडीने ‘मिक्स्ड मीडिया’ शिकवणारी निवासी शिबिरं चित्रकार वर्षानुवर्षं घेत आले आहेत. अंधेरी-बोरिवलीची कुणी ताई चार दिवस सुट्टी काढून अशा शिबिराला निघाली, की घरच्यांना आणि कधीकधी कलाशाळेत शिकलेल्यांनाही वाटतं, चार दिवसांत कसली कला येणार? या माध्यमाची कुळी पाहिली तर या शंकेचं उत्तर मिळतं. मेणाचा रंग पुस्तकातून कधीच टिकला नाही. शिकवणारा आणि शिकणारा एका विस्तवापाशी बसले तेव्हाच तो जगला.

या कलेविषयी आपल्यापर्यंत पोचलेली एक जुनी नोंद शिकवण्याचीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं, की पॅम्फिलस नावाच्या ग्रीक चित्रकाराने मेणचित्रं नुसती काढली नाहीत, तर सिक्योन गावच्या पॉसियसला ती कला शिकवली. पॅम्फिलसची फी जबर होती. वर्षाला 500 दिनार, सगळ्या शिक्षणाचा मिळून एक टॅलेंट, त्याहून कमी घेऊन तो कुणाला शिकवत नसे. पॉसियस मेणचित्रांत नावारूपाला आलेला पहिला चित्रकार ठरला. त्याच्याच गावात ग्लिसेरा नावाची मुलगी फुलांच्या माळा गुंफत असे. तिच्यावर त्याचं प्रेम बसलं आणि तिच्या माळांशी चढाओढ करत तो फुलांचे नाना रंग मेणात उतरवायला शिकला. म्हणजे त्याला दोन गुरू लाभले. एकाने विस्तव शिकवला, दुसरीने रंग.

प्लिनी आणखीही सांगतो. मेणचित्राचे पूर्वी दोन प्रकार होते, एक मेणाचा आणि दुसरा हस्तिदंतावर टोकदार हत्याराने करायचा. पुढे युद्धनौका रंगवायला लागल्यावर तिसरा आला. विस्तवावर वितळवलेलं रंगीत मेण कुंचल्याने लाकडावर लावायचं. असा रंग ऊन, खारं पाणी आणि वारा, तिन्हींना दाद देत नसे. मेण शुद्ध करायची कृतीही त्याने दिली आहे. पिवळं मेण उघड्यावर ठेवायचं, समुद्राच्या पाण्यात क्षार घालून उकळायचं, वर येणारा पांढरा भाग काढून घ्यायचा आणि उन्हा-चांदण्यात वाळवायचा. सिझिकसच्या याया नावाच्या एका स्त्रीचीही त्याने आदराने नोंद केली आहे. ती अविवाहित होती, रोममध्ये राहून मुख्यतः स्त्रियांची चित्रं काढी. कुंचला आणि हस्तिदंतावरचं हत्यार दोन्हींत तिचा हात बसलेला होता आणि सोपोलिस, डायोनिसियस या नामांकित समकालीनांपेक्षा तिच्या चित्रांना जास्त दाम मिळत असे. आज शिबिराला निघालेल्या ताईची ही दोन हजार वर्षांपूर्वीची पूर्वज आहे.

तो काळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. इजिप्तमधल्या फायूम भागात ममीच्या चेहऱ्यावर बसवलेल्या फळ्या सापडल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा मेणाने रंगवलेल्या आहेत. पहिल्या ते तिसऱ्या शतकातली अशी सुमारे 900 चित्रं आज ज्ञात आहेत. 1888 साली फ्लिंडर्स पेट्रीने हवारा इथे उत्खनन केलं तेव्हा त्यांचा मोठा साठा उजेडात आला. काळेभोर डोळे, ओठांवरची ओल, कानातलं मोत्याचं डूल, सगळं काल रंगवल्यासारखं ताजं. हे चेहरे रंगवले जात होते त्याच शतकांत आजच्या बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी कोरली जात होती. त्यांतल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावं आहेत, आणि इजिप्तहून निघणाऱ्या जहाजांसाठी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्येही ही दोन्ही बंदरं येतात. समुद्राच्या दोन टोकांना रंगाचे दोन संसार एकाच वेळी चालले होते. तिकडे लाकडावर तापलेलं मेण, तर आपल्याकडे गुहेच्या भिंतीवर गिलावा आणि त्यावर रंग. कान्हेरीच्या 34 क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धाचं नंतरच्या काळातलं अर्धवट राहिलेलं चित्र अजून पाहायला मिळतं.

पुढे तिकडचा विस्तव थंडावला. सिनाई पर्वतातल्या सेंट कॅथरिन मठात सहाव्या शतकातलं ख्रिस्ताचं मेणचित्र आहे, ते या परंपरेच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग स्वस्त होता, त्याला शेगडी लागत नव्हती, हाताखालच्या पोरालाही तो लवकर जमे. हळूहळू मेणावर काम करणारे संपले. त्यांच्यानंतर पुढच्या माणसाला शेजारी बसवणारं कुणी उरलं नाही.

पुस्तक मात्र उरलं होतं. प्लिनीचा ग्रंथ युरोपात सतत वाचला जात होता, तरी त्यातल्या चार ओळींवरून कुणाला मेणचित्र काढता येईना. मेण किती तापवायचं, हत्यार गरम की गार, थर कधी भाजायचा, यातलं काहीच त्या ओळींत नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या काउंट केलसने चिकाटीने प्रयोग केले. त्याच्या सांगण्यावरून चित्रकार व्हिएनने 1754 साली मिनर्व्हा देवीचं मस्तक मेणात रंगवलं आणि सगळं पॅरिस ते पाहायला लोटलं. पण केलसने कृती लगेच उघड केली नाही. 1755 साली फ्रेंच लेखक दिदेरोने निनावी पुस्तिका काढून त्याला झोडपलं आणि दुसऱ्या एका चित्रकाराची कृती लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी केलसनेही आपलं पुस्तक छापलं. भांडण श्रेयाचं होतं, तरी त्यातून एक गोष्ट पक्की झाली. हजार वर्षांपूर्वी तुटलेली साखळी ग्रंथाने सांधली गेली नव्हती. ती हात भाजून घेत नव्याने घडवावी लागली.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी कृती आहे. चांदी मेणाच्या 12 पट आणि सोनं 16 पट घ्यावं, असा हिशेबही आहे. आता अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये या. 1973 साली इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झालेल्या या वसाहतीत पुढे निर्यातीच्या दागिन्यांचे कारखाने आले. तिथे रबराच्या साच्यात पातळ मेण भरून अंगठीचा नमुना काढतात. असे पुष्कळ नमुने एका दांड्याला जोडून मेणाचं झाड उभं करतात, त्याभोवती प्लास्टरचा लगदा ओततात आणि भट्टीत मेण जाळून मोकळ्या जागेत सोनं सोडतात. झाडाचं वजन करून त्याला ठरावीक आकड्याने गुणायचं की सोनं किती लागेल ते कळतं. 18 कॅरेटसाठी तो आकडा पंधरा-सोळाच्या घरात जातो. सोमेश्वराचा हिशेब आणि अंधेरीचा हिशेब एकमेकांना ओळखतात. ओतकामाची ही विद्या टिकली कारण तिच्यावर पोट होतं, आणि पोट होतं म्हणून शेजारी शिकाऊ पोरगा कायम होता.

चित्रातल्या मेणाला असा आधार विसाव्या शतकात मिळाला. दिएगो रिव्हेराने 1922-23 साली मेक्सिको सिटीतलं आपलं पहिलं भित्तिचित्र मेणात केलं. बोस्टनच्या कलाशाळेत कार्ल झेर्बेने 1937 पासून चित्रकला विभाग सांभाळला आणि विद्यार्थ्यांमध्ये या माध्यमाची गोडी लावली. विजेच्या तव्याने आणि दिव्याने शेगडीची कटकट मिटवली होती. मग जॅस्पर जॉन्सने 1954-55 साली ‘फ्लॅग’ केलं. साधा रंग वाळायला वेळ लावत होता म्हणून तो मेणाकडे वळला. वर्तमानपत्राचे तुकडे रंगीत मेणात बुडवून त्याने अमेरिकेचा झेंडा रचला. थरांखालून छापील अक्षरं अजून डोकावतात. मेणाची आणि ‘मिक्स्ड मीडिया’ची आज दिसणारी सोयरीक या चित्राने जगापुढे आणली. कागद, धागा, फोटो, सोन्याचा वर्ख, काहीही मेण पोटात घेतं, जपतं आणि दिसू देतं.

भारतातही वाट शिक्षकाच्याच दारातून गेली. 1950 साली नारायण श्रीधर बेंद्रे बडोद्याच्या नव्या कलाविभागात गेले. त्यांनी विद्यार्थ्यांना एका शैलीत अडकवलं नाही, माध्यमांशी झटायला लावलं. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी शांती दवे. अहमदाबादेत पाट्या रंगवत आलेला हा मुलगा पुढे तापलेलं मेण आणि लाकडी ठशांचा उठाव एकत्र आणून मोठाल्या चित्रांत लिपीसारखी चिन्हं कोरू लागला. भारतीय मेणचित्रांत त्यांचं नाव आवर्जून घ्यावं लागतं.

आता शिबिरात नेमकं काय शिकायचं ते पाहू. मधमाशीचं मेण साधारण 64 अंशांना वितळतं. त्यात आठाला एक या सुमारास डॅमर नावाची राळ घातली की ते कडक आणि चकचकीत होतं. तवा 90 अंशांच्या आसपास ठेवायचा. मेणातून धूर निघाला म्हणजे ते बिघडलंच, वर तो धूर घशा-डोळ्यांना झोंबतो. मुलुंडच्या बंद फ्लॅटमध्ये म्हणूनच समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. झेर्बेला या माध्यमाची ॲलर्जी होऊन ते सोडावं लागलं होतं, हे लक्षात ठेवावं. फळी शोषून घेणारी हवी. ॲक्रिलिकच्या गुळगुळीत लेपावर मेण घट्ट बसत नाही आणि पुढे पोपडा सुटतो. प्रत्येक थर हीट गनने इतकाच तापवायचा की तो चमकून ओला दिसेल, वाहणार नाही. ती चमक नेमकी कोणत्या क्षणी येते, ते सांगून कळत नाही. गुरूचा हात थांबतो तेव्हा आपला हात थांबवायचा, एवढाच धडा.

मुंबईच्या हवेत या माध्यमाचं एक चीज होतं. चिऊचं घर मेणाचं म्हणून पावसात टिकलं, हे आपण बोलायला शिकतो तेव्हाच ऐकतो. इथल्या चार महिन्यांच्या दमटपणात कागदावरची चित्रं बुरशीने डागळतात. मेणाचा थर मात्र पाणी आत घेत नाही. सांभाळायची ती फळी. ती वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही लेप द्यावा. आणि मे महिन्यात उन्हात बंद गाडीत चित्र ठेवू नये.

शिकवणाऱ्या चित्रकारांना एक मनापासून सांगणं आहे. प्रमाणं झाकून ठेवू नका. मेण किती, राळ किती, थर किती, हे फळीमागे तारखेनिशी लिहायची सवय विद्यार्थ्यांना लावा. मेण कुठून आलं तेही सांगा, कारण एक किलो मेण करायला माश्यांना सहा-आठ किलो मध खावा लागतो असं मानतात. आणि चार दिवसांच्या शिबिराला कुणी कमी लेखलं तर खुशाल पॅम्फिलसचं नाव घ्या. शिकवणारे थांबले तेव्हा हे माध्यम हजार वर्षं हरवलं. ते पुन्हा हरवू द्यायचं नसेल, तर शिकून घरी परतलेल्या प्रत्येकाने निदान एकाला तरी आपल्या तव्याशेजारी बसवलं पाहिजे.