छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

मुंबईतील ऐतिहासिक रेल्वे स्थानक व मध्य रेल्वेचे मुख्यालय. पूर्वीचे नाव व्हिक्टोरिया टर्मिनस (व्ही. टी.). १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भारतातील पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी बोरीबंदर स्थानकातून सु. ३४ किमी. दूर असलेल्या ठाण्यास गेली. वाढत्या वाहतुकीस ते साधे स्थानक अपुरे पडू लागल्याने कंपनीने त्याच परिसरात १८७८ मध्ये नव्या इमारतीचे काम आरंभिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) हा तिचा वास्तुशिल्पज्ञ. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी (१८८७) स्थानकास तिचे नाव देण्यात आले. बांधकाम १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्यास सु. १६ लाख रु. खर्च आला.

या वास्तूचे दोन स्वतंत्र भाग पडतात. रस्त्याकडील भव्य इमारत ही मुख्यतः कंपनीची कचेरी होय. गाड्यांचे फलाट तिच्या बगलेस छपराखाली आहेत. इमारतीचा विधान ‘सी’ अक्षरासारखा असून मध्यभागी अष्टकोनी, फासळीदार दगडी घुमट आहे. त्यावर मशाल व चाक धारण केलेली ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती आहे. घुमटाखालील जिन्याच्या पायऱ्या केवळ भिंतीच्या आधारावर पुढे आलेल्या आहेत. बांधणीत वालुकाश्म व चुनखडक, तर सजावटीत इटालियन संगमरवर वापरला आहे. उत्तरेकडील तिकीटघराच्या निळ्या छतावर सोनेरी तारे रंगविलेले असल्याने त्यास ‘स्टार चेंबर’ म्हणत. प्रवेशद्वारावरील सिंह व वाघ ही अनुक्रमे ब्रिटन व भारत यांची प्रतीके होत. शैली व्हिक्टोरियन गॉथिक असली, तरी मनोरे, टोकदार कमानी व आकृतिबंध यांत भारतीय राजवाड्यांच्या परंपरेचा प्रभाव जाणवतो. पाने, फुले, पशुपक्षी यांच्या कोरीव कामात मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांच्या वैभवाचे हे स्मारक अशा रीतीने बव्हंशी स्थानिक हातांनी घडले.

पुढे प्रवासी वाहतुकीने कचेरीचे महत्त्व मागे टाकले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी येथून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विद्युत् गाडी धावली. उपनगरी गाड्यांमुळे हे स्थानक नोकरदारांच्या दैनंदिन जीवनाचा भाग बनले व फलाटांची संख्या कालांतराने १८ झाली. स्वातंत्र्योत्तर काळात दर्शनी भागावरील राणीचा पुतळा हलविण्यात आला. १९९६ मध्ये स्थानकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. ‘महाराज’ ही उपाधी २०१७ मध्ये अंतर्भूत झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात येथे ५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २००४ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. वारसास्थळ होऊनही तिचा मूळ उपयोग खंडित झालेला नाही. त्यामुळे तिच्या जतनाचा प्रश्न गर्दीच्या नियोजनापासून वेगळा करता येत नाही.