शिक्का कोणाच्या हाती?

मुतालिक हे आडनाव आपल्या सीमाभागात कोणाला नवे नाही. पण ते मुळात एका हुद्द्याचे नाव आहे, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. शिवकाळात अष्टप्रधानांतले बहुतेक जण मोहिमांवर जात. मागे दप्तराचे काम अडू नये म्हणून त्यांच्या नावाने कारभार पाहणारा मुतालिक असे. धन्याच्या वतीने कागद वाचायचा, निर्णय घ्यायचा, शिक्का करायचा. सध्या वर्तमानपत्रांतून ज्या ‘एआय एजंट’चा गाजावाजा चालला आहे तो नेमका काय प्रकार आहे, असे मंडळातली ज्येष्ठ मंडळी विचारतात, तेव्हा आम्ही या मुतालिकापासूनच सुरुवात करतो.

पेशवाईत दिल्ली दरबारी हिंगण्यांचे घराणे वकील होते. पुण्याला पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. तोवर दरबार थांबत नसे. म्हणून पुण्याहून वकिलाला पावलापावलाचा हुकूम देणे शक्यच नव्हते. काय साधायचे आणि कुठली हद्द ओलांडायची नाही एवढे सांगायचे; बाकी माणूस पाहून, वेळ पाहून त्याने ठरवायचे. अशा अधिकाराचा जोर किती वाढू शकतो हे 1750 साली दिसले. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याने सांगोल्याला उठाव मांडला आणि तो मोडायला सदाशिवरावभाऊंना फौजेनिशी जावे लागले. सांगोल्याचा प्रसिद्ध करार त्याच मोहिमेतला. दुसऱ्याच्या नावाने कारभार करणारा माणूस नुसता कारकून राहत नाही, तो असा.

आता जोयड्याकडे येऊ. काळी नदीवरचे 101 मीटर उंचीचे सुपा धरण 1987 साली पूर्ण झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. ज्यांची घरे-शेते बुडाली त्यांच्या हाती उरले ते कागद. त्यामुळे पहाणी उताऱ्यावरच्या एका ओळीची किंमत आपल्या तालुक्याला वेगळी सांगावी लागत नाही. पूर्वी राज्यभर सुमारे नऊ हजार गाव-लेखापाल हे उतारे हाताने लिहीत. 2000 च्या सुमारास ‘भूमी’ योजना आली आणि राज्यातल्या 177 तालुक्यांतले जवळजवळ दोन कोटी उतारे संगणकात गेले. हस्तलिखित उतारा बाद झाला. सरकारी नोकरीतल्या आम्हा लोकांना त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पुढे सरकू लागले. मधला अर्ज उचलून वर ठेवण्याची सोय संगणकाने काढून टाकली. शिवाय नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा द्यावा लागू लागला, म्हणजे ‘मी केले नाही’ म्हणायला जागा नाही.

पण भूमीचा संगणक मुतालिक नव्हे. तो फार तर कडक शिस्तीचा दप्तरदार. नियम माणसांनी लिहिला, तो पाळतो. नियमात नसलेले काही समोर आले की थांबतो. एजंट इथे थांबत नाही.

समजा आपण म्हटले, ‘गणपतीला पुण्याहून लोंढ्यापर्यंत तीन तिकिटे काढ, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचलो पाहिजे.’ 2022 च्या नोव्हेंबरात आलेल्या चॅटजीपीटीसारखा कार्यक्रम तेव्हा गाड्यांची नावे सांगून मोकळा होई. एजंट स्वतः संकेतस्थळ उघडतो, जागा पाहतो. लोंढ्याची नाही म्हटल्यावर बेळगावपर्यंतची पाहतो, पुढच्या बसची वेळ जुळवतो, नावे भरतो, पैसे भरण्यापर्यंत येतो. आत भाषा जाणणारे तेच मॉडेल असते. त्याला जोडून हत्यारे दिलेली असतात, म्हणजे ब्राउझर, मेल, फायली. एक पाऊल टाकायचे, काय झाले ते पाहायचे, त्यावरून पुढचे ठरवायचे, हे चक्र काम संपेपर्यंत चालते. 2023 मध्ये ऑटो-जीपीटी नावाच्या प्रयोगाने याचा बोलबाला केला. 2024 च्या ऑक्टोबरात अँथ्रॉपिकने आणि 2025 च्या जानेवारीत ओपनएआयने पडदा पाहून संगणक चालवणारे एजंट लोकांपुढे आणले.

त्याचा खरा कच्चा दुवा मात्र दरबारी आहे: फितुरी. हिंगण्यांना धन्याचे पत्र कोणते आणि परक्याची गोड भाषा कोणती हे कळत असे. एजंटाला दोन्ही अक्षरेच. तो वाचत असलेल्या पानावर कोणी लपवून ‘मालकाचे मेल अमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले, तर तो हुकूम धन्याचाच समजून पाळण्याचा धोका असतो. यावर अजून पक्का उपाय सापडलेला नाही. चुकणे वेगळे आणि भुलणे वेगळे. आम्हाला दुसऱ्याची धास्ती जास्त वाटते.

मग नुकसान झाले तर भरायचे कोणी? 1872 च्या करार कायद्यात एजंटावर एक सबंध प्रकरण आहे. पण तिथला एजंट म्हणजे व्यक्ती, यंत्र नव्हे. कॅनडात 2022 साली एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने 2024 साली तो मानला नाही आणि कंपनीला पैसे भरायला लावले. तो बॉट तर नुसता बोलणारा होता, करणारा नव्हता.

घरातली मुले आपल्या फोनमध्ये असले काही घालून देतील तेव्हा कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांतला फरक आठवावा. तो आपल्या पिढ्यान्‌पिढ्या जमिनी सांभाळलेल्या लोकांना समजावण्याची गरज नाही. ‘माझे सगळे मेल आणि बँक पाहा’ हे कुलमुखत्यारपत्र झाले. ‘एवढी तिकिटे शोध, पैसे मी भरीन’ हे खास. ओटीपी हा आजचा शिक्का. तो आपल्याच हातात ठेवावा. आणि दिलेली परवानगी काम झाले की काढून घ्यावी, सेटिंग्जमध्ये ती सोय असते. चुकीचे तिकीट चार पैसे कापून रद्द होते. पहाणीवरचे नाव चुकून बदलले तर प्रांतांकडे अपील करावे लागते, आणि तिथे कागद घेऊन उभे राहायला आपल्यालाच जावे लागते.