घरच्या गाडीचा पत्रा

मोटारशर्यतींचा इतिहास बहुतेक वेळा चालकांच्या आणि इंजिनांच्या नावाने सांगितला जातो. गाडीचा पत्रा कोणी कापला, कोणी ठोकला, कोणी जोडला, हे त्यात क्वचितच येते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये शर्यतीची गाडी घरीच बांधण्याची परंपरा बहरली. ती मात्र पत्रेकाम समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

या परंपरेचा पाया होती ऑस्टिन सेव्हन. १९२२ ते १९३९ या काळात बनलेली ही छोटी मोटार युद्धानंतर जुन्या बाजारात स्वस्त मिळे. जुनी बॉडी उतरवायची आणि त्या सांगाड्यावर स्वतःची हलकी बॉडी चढवायची, हा हौशी मंडळींचा उद्योग. कॉलिन चॅपमन या विशीतल्या तरुणाने १९४८ मध्ये मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात अशीच एक गाडी उभी केली. तिच्या बॉडीला त्याने ॲल्युमिनियम चिकटवलेले प्लायवूड वापरले. ही युक्ती विमानांच्या कामातली होती. १९५२ मध्ये त्याने लोटस कंपनी काढली आणि मार्क सहा ही गाडी सुट्या भागांत विकायला सुरुवात केली. तिचा नळ्यांचा सांगाडा भरला जेमतेम २५ किलो. त्यावरचे ॲल्युमिनियमचे पत्रे लंडनच्या एडमंटन भागातले दोन कारागीर घडवत. त्यांची नावे चार्ली विल्यम्स आणि लेन प्रिचर्ड.

ॲल्युमिनियमच का? युद्धानंतर पोलादावर नियंत्रण होते, ॲल्युमिनियम त्या मानाने सहज मिळे. शिवाय विमानांच्या कारखान्यांत तयार झालेले कुशल हात उपलब्ध होते. १९४८ च्या लँड रोव्हरची बॉडीही याच कारणाने ॲल्युमिनियमची झाली.

पत्र्याचे आकार दोन जातींचे. आपल्यापैकी ज्यांनी तांत्रिक विषय घेतला होता, त्यांनी ट्रे, सुपली आणि नरसाळे केले आहे. आधी कागदावर आकाराचा उलगडा काढायचा, मग तो पत्र्यावर आखून कापायचा आणि वळवायचा. पत्रा एकाच दिशेने वळतो तोवर एवढी विद्या पुरते. पण गाडीचे नाक किंवा चाकावरचा मडगार्ड वाटीसारखा दोन्ही दिशांनी वळतो. तिथे उलगडा चालत नाही, पत्रा ताणावाच लागतो. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने खोलगट करायचा, मग दोन चाकांमध्ये मागेपुढे फिरवून गुळगुळीत करायचा. आपल्याकडचे तांबट भांडे मठारतात, त्याच कुळातले हे काम. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, तेव्हा त्याला तापवून पुन्हा नरम करावे लागते. ॲल्युमिनियम तापले तरी लाल होत नाही. म्हणून कारागीर आधी ज्योतीची काजळी पत्र्यावर धरत. मग साध्या ज्योतीने ती काजळी जळून गेली, की पत्रा नरम झाला असे समजून थांबत.

मोठा आकार एका पत्र्यात होत नसे. तुकडे जोडायला गॅस वेल्डिंग लागे, आणि खरी परीक्षा तिथेच होती. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही वर टिकतो. तो हटवायला फ्लक्स लावायचा आणि काम झाल्यावर गरम पाण्याने धुऊन काढायचा. राहिला तर तोच धातू खातो. आधी थोड्या थोड्या अंतरावर टाके घालायचे, नाहीतर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. शेवटी जोड हातोडीने बसवून घासायचा. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी निष्क्रिय वायूच्या आवरणातले वेल्डिंग विकसित केले. त्यातूनच आजचे टिग वेल्डिंग आले. त्यात फ्लक्सची कटकट उरली नाही, पण हाताची स्थिरता पूर्वीइतकीच लागते.

१९५७ च्या लोटस सेव्हनमध्ये या दोन विद्यांची वाटणी नेमकी दिसते. बाजूचे पत्रे जवळजवळ सपाट आहेत आणि रिव्हेटने सांगाड्याला जोडलेले आहेत. सांगाड्याला ते ताठपणाही देतात. अवघड वळणे नाकापुरती आणि मडगार्डांपुरती ठेवलेली. सुट्या भागांच्या गाडीवर त्या वेळी खरेदीकर लागत नसे, म्हणून सामान्य पगारदार माणूसही ती विकत घेऊन घरी जोडू शके. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे झाले, आणि ठोकाईचा भाग साच्याकडे गेला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत अशी गाडी बांधण्याचे पुस्तक लिहिले, तेव्हा चौकोनी नळ्या, सपाट पत्रा आणि घरचे वेल्डिंग मशीन एवढ्यावर एक नवी पिढी कामाला लागली.

चॅपमनच्या कंपनीने पुढे फॉर्म्युला वनची सात कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदे मिळवली. त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. विल्यम्स आणि प्रिचर्ड ही नावे फक्त जाणकारांना ठाऊक असतात. जोड दिसू नये हेच ज्यांच्या कामाचे यश, त्यांच्या वाट्याला हे येतेच. पण सपाट पत्र्याने कुठवर निभावते आणि पुढे कोणाचा हात लागतो, हे ओळखल्यामुळेच ती गाडी सामान्य माणसाला परवडली. ही ओळख पुस्तक वाचून येत नाही, कात्री हातात घ्यावी लागते. मित्रहो, स्नेहमेळाव्यानिमित्त शाळेसाठी काही करायचे बोलणे चाललेच आहे, तर वर्कशॉपचा विचार जरूर व्हावा. आपल्या शिक्षकांनी दिलेली ही विद्या पुढच्या मुलांच्या हातांपर्यंतही पोचायला हवी.